मिहानात दोन खोल्या हव्यात

नागपूरच्या मिहान प्रकल्पात सध्या सर्वांत नियमाने चालणारा उद्योग म्हणजे चराई. कंपन्या येणार-येणार म्हणतात, करार होतात, हात मिळवल्याचे फोटो छापून येतात. गुरं मात्र रोज येतात. चार हजारांहून जास्त हेक्टरांचा पसारा. त्यातले कित्येक प्लॉट कुंपण घालून, फलक ठोकून वर्षानुवर्षं तसेच पडलेले. पावसाळ्यात आत कमरेएवढं गवत होतं. कुंपणाची तार कुठेतरी वाकवलेली असतेच. तिथून गुरं आत, मागोमाग खांद्यावर काठी आडवी टाकलेला माणूस आत. सेझमध्ये शिरायला आम्हाला गळ्यात ओळखपत्राचा पट्टा लागतो, गुरांना घंटीवर भागतं.

यातला एक तुकडा मला हवाय. दोन खोल्या, पुढे पडवी, कोपऱ्यात पाण्याचा माठ, एवढं बसलं की झालं. संग्रहालय काढायचं आहे, गोवारींचं. गुरं राखणं हा ज्यांचा पिढ्यानपिढ्यांचा धंदा, त्यांच्यासाठी गुरांनी आधीच ताबा घेतलेली जागा मागतोय. म्हणजे भूसंपादनाचा अर्धा प्रश्न निकालात निघाल्यातच जमा आहे.

ही कल्पना इथल्या एका कॅन्टीनमध्ये पंचविशीतल्या पोरांपुढे मांडली. एकाने विचारलं, "गोवारी म्हणजे तो बर्डीचा फ्लायओव्हर ना?" दुसऱ्याने मोबाइलमध्ये बघून दुरुस्ती केली, "अबे, पूर्ण नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल आहे." तिसरा म्हणाला, "शहीद म्हणजे आर्मीतले असतील जी." पोरांचं काही चुकलं नाही. ती जन्मली १९९४ नंतर. आणि पुलाचं कामच मुळी खाली काय आहे ते न बघता माणसाला पलीकडे पोचवणं. ज्यांना रस्त्यात अडवलं त्यांच्या नावाने, कुठेही न थांबता पार होता येईल असा पूल! ठरवून केला असता तर हा विनोद इतका जमला नसता.

तर त्या पोरांसाठी, थोडक्यात. २३ नोव्हेंबर १९९४. नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू. हे अधिवेशन म्हणजे १९५३ च्या नागपूर कराराची वार्षिक पावती. सरकार मुंबईहून येतं, हुरडा खातं, सावजी खाऊन घाम पुसतं, संत्र्याच्या पेट्या बांधून घेतं आणि जाताना निवेदनांचा गठ्ठा घेऊन जातं. मोर्च्यांचंही सगळं ठरलेलं असतं. ठरलेला पॉइंट, ठरलेले कठडे. तिथे मोर्चा अडतो, चार-पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, मंत्री निवेदन घेतात, 'सरकार सकारात्मक आहे' म्हणतात, आणि मोर्चा रात्रीच्या गाडीने गावाला जातो. नागपूरकराला यात नवल वाटत नाही. त्याचा प्रश्न एकच, आज कोणता रस्ता बंद?

त्या दिवशी गोवारी हजारोंनी आले होते. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा, यवतमाळ, सगळीकडून. बाया होत्या, बायांच्या कडेवर लेकरं होती, कारण घरी ठेवायची कोणाकडे? मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवलं. दिवसभर बसले. कोणी मोठा माणूस येईल आणि दोन शब्द बोलेल, एवढीच आस. कोणी आलं नाही. संध्याकाळी लाल दिव्याची गाडी दिसली, मंत्री आले असं वाटून गर्दी उठली, असं त्यात असलेले लोक सांगतात. पुढे कठडे, समोर पोलीस, लाठ्या. मागे वळायला जागा नाही. ११४ माणसं मेली, शेकडो जखमी झाली. मेलेल्यांत बहुतेक बाया आणि लेकरं. मुख्यमंत्री शरद पवार होते. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी सरकार बदललं. गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घातलं, जिथे दोन टक्क्यांत इतर जातीही दाटीवाटीने बसलेल्या आहेत. गर्दीत चेंगरून मेलेल्यांच्या वारसांना सरकारने आणखी एका गर्दीत नेऊन उभं केलं.

ते मागायला काय आले होते? हे सांगायला पूल कामाचा नाही, स्मारकही नाही. त्यासाठी भिंत लागते, कागद टांगायला.

अनुसूचित जमातींच्या यादीत महाराष्ट्राच्या भागात १८ व्या क्रमांकाची नोंद गोंडांची आहे. त्या नोंदीच्या पोटात कितीतरी नावं आहेत, त्यात १९५६ पासून एक नाव 'गोंड गोवारी'. गोवारी म्हणत आले, हे आम्हीच. दाखले मागायला गेले की बाबू बोट ठेवून दाखवायचा: इथे गोंड गोवारी लिहिलंय, तुमच्या कागदावर नुसतं गोवारी आहे. आणि २४ एप्रिल १९८५ ला राज्य सरकारने शासन निर्णय काढून बाबूच्या त्या बोटाला बळ दिलं. गोंड गोवारी निराळे, गोवारी निराळे. दाखले देताना जपून.

माझ्या संग्रहालयात दारातून आत शिरलं की पहिल्यांदा हा जीआर दिसेल. मोठा करून नाही, जसा आहे तसा, फायलीच्या आकारात. लोकांना वाटतं माणसं लाठीने मरतात, गर्दीने मरतात. ती आधी अशा कागदाने गावातून निघतात. जवळ जाऊन, चष्मा लावून, वाकून वाचायला लागला पाहिजे तो. दाखल्यासाठी खिडकीत वाकतात तितकं तरी.

त्याच्या समोरच्या भिंतीवर दोन निकाल, एकमेकांकडे बघत. पहिला १४ ऑगस्ट २०१८ चा, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा. खंडपीठाने जुने दस्तऐवज, शिरगणत्या, मानववंशशास्त्राची पुस्तकं चाळली आणि म्हटलं की 'गोंड गोवारी' नावाची वेगळी जमात १९११ च्या आधीच नामशेष झालेली होती. १९५६ ला यादीत नाव घातलं तेव्हा ती नव्हतीच. मग यादीत ज्यांना लिहिलं ते हे गोवारीच. आता हिशेब करा. इतकी वर्षं सरकार काय करत होतं? जी जमात नाही तिच्या सवलती, जी जमात आहे तिच्यापासून वाचवत होतं. इतकं चोख काम आपल्या प्रशासनाने क्वचितच केलं असेल.

दुसरा निकाल १८ डिसेंबर २०२० चा, सर्वोच्च न्यायालयाचा. यादीतला शब्द जसा छापलाय तसाच वाचायचा. आत खरं कोण आहे हे पुरावे घेऊन ठरवणं न्यायालयाचं काम नाही. बदल करायचा तर संसदेने करावा. हलबा कोष्टींच्या प्रकरणात घटनापीठाने २००० सालीच हा दरवाजा लावून घेतला होता, त्याची कडी इथे पुन्हा वाजली. कायद्याच्या अंगाने हे बरोबरही असेल, मी वाद घालत नाही. पण मधल्या काळात उच्च न्यायालयाच्या निकालावर ज्या पोरापोरींना प्रवेश किंवा नोकऱ्या मिळाल्या, त्यांचं तेवढं कायम राहिलं. म्हणजे भारताच्या इतिहासात एक समाज २ वर्षं ४ महिने ४ दिवस आदिवासी होता. त्याआधी नाही आणि नंतर नाही. थोरला भाऊ आदिवासी, धाकटा विशेष मागास, आई एक, बाप एक आणि गाईही त्याच.

आता तुम्ही म्हणाल, झिरो माईलला स्मारक आहे ना. आहे की. खापरीहून मेट्रोत बसा, थंड हवेत झिरो माईलला उतरा. फ्रीडम पार्क लागतं, तिथे रणगाडा ठेवलाय. पोरं रणगाड्यासोबत फोटो काढतात. पुढे तो जुना खांब आणि चार घोडे. त्याच्या शेजारी षटकोनी दगड. इंग्रजांनी त्यावर अंतरं कोरलीत, मैलांत. सिवनी ७९, छिंदवाडा ८३, बैतूल १०१, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. खांबाची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट. दशांश चिन्हापुढे तीन आकडे! या शहरात एका दगडाची उंची इंचाच्या सूक्ष्म तुकड्यापर्यंत मोजलेली आहे. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपासून विधानभवन किती लांब, ते मात्र कुठल्या दगडावर नाही. पायी फार तर पंधरा मिनिटं. त्या दिवशी ते अंतर कोणाला कापता आलं नाही, ना इकडून ना तिकडून.

देशाचा मध्यबिंदू म्हणून आपण हा दगड मिरवतो. त्या मध्यबिंदूच्या हाकेच्या अंतरावर ११४ माणसं मेली, तरी घटना राष्ट्रीय झाली नाही, विदर्भाची राहिली. राष्ट्रीय व्हायला बहुधा दिल्ली किंवा मुंबईत मरावं लागतं.

गोवारी शहीद स्मारक तिथेच आहे. २३ नोव्हेंबरला गावोगावचे गोवारी येतात, फुलं वाहतात, नेते येतात, पुष्पचक्र ठेवून निघतात. उरलेले ३६४ दिवस स्मारक आपलं उभं असतं. स्मारकाची सोय अशी की ते 'इथे माणसं गेली' यापुढे जात नाही. का गेली, कोणी अडवलं, कोणत्या कागदाने अडवलं, हे त्याला कोणी विचारत नाही. म्हणून तर सगळ्या सरकारांना स्मारकं आवडतात.

समोर टेकडीवर सीताबर्डीचा किल्ला. त्यात १८१७ च्या लढाईत पडलेल्यांच्या कबरी आहेत. लष्कराच्या ताब्यात, नीटनेटक्या. किल्ला लोकांसाठी वर्षातून मोजकेच दिवस उघडतो, तरी त्या लढाईत कोण कोणाविरुद्ध होतं हे नागपुरातलं शाळकरी पोरगंही सांगेल. इकडे अप्पासाहेब भोसले, तिकडे कंपनी सरकार. १९९४ बद्दल विचारा. एका बाजूला गोवारी, आणि दुसऱ्या बाजूला? दुसऱ्या बाजूला 'परिस्थिती' होती. न्यायमूर्ती दाणी आयोग नेमला होता. त्याने सरकारला दोषी धरलं नाही. म्हणजे ११४ माणसं मेली आणि मारणारं कोणी सापडलं नाही. इंग्लंडात शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ ला अशीच माणसं कठड्यांत चेंगरून मेली. ९४ त्याच दिवशी, तिघं पुढे, त्यातला सत्त्याण्णवावा बऱ्याच वर्षांनी. तिथेही आधी 'अपघात' म्हणून मिटवलं, वर गर्दीलाच दोष दिला. मेलेल्यांच्या आईबापांनी पिच्छा सोडला नाही. २७ वर्षांनी, २०१६ ला, ज्यूरीने सांगितलं की गर्दीचा दोष नव्हता, त्यांचा बळी बेकायदेशीरपणे गेला. त्या आईबापांकडे चिकाटी होती तशीच ती गोवारींकडेही आहे. फरक इतकाच की तिकडच्यांना मेल्यावर निदान आपण कोण, हे सिद्ध करत बसावं लागलं नाही.

नागपुरात संग्रहालयांचं वावडं आहे असंही नाही. अजब बंगला १८६३ पासून आहे, पेंढा भरलेल्या प्राण्यांसकट. नॅरोगेजच्या गाड्यांचं संग्रहालय आहे, आणि छान आहे. बंद पडलेल्या गाडीची आपल्याला आठवण येते. ती प्रश्न विचारत नाही.

प्रश्न विचारणारं संग्रहालय बघायचं तर रात्री गाडीत बसून भोपाळ गाठावं. वायुकांडाला तीस वर्षं झाली तेव्हा, डिसेंबर २०१४ मध्ये, तिथे वाचलेल्या लोकांनी स्वतःचं छोटं संग्रहालय उघडलं. सरकारचा पैसा नको, कंपन्यांचाही नको, असं ठरवून. साध्या वस्तीतलं साधं घर. भिंतीवर जुन्या पद्धतीचे टेलिफोनचे रिसीव्हर टांगलेले. बाजूला एखाद्या लेकराचा कपडा, एखादा फोटो. रिसीव्हर कानाला लावला की बाई बोलायला लागते. तिची भाषा, तिचं थांबणं, तिचं मध्येच दुसरीकडे वाहवत जाणं, सगळं तसंच. तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. 'बाई, मुद्द्याचं सांगा' म्हणता येत नाही. आपण सगळे तिथे गपगुमान त्या खिडकीतल्या अर्जदारासारखे उभे राहतो, आणि अधिकारी ती असते.

मला तसले रिसीव्हर हवेत. दहा पुरे. आणि घाई करायला हवी. तेव्हा तिशीत असलेल्या बाया आता साठीच्या पुढे गेल्या. कोणाचं लेकरू हातातून सुटलं, कोण कोणाच्या अंगाखाली दबून वाचलं, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ओळख पटवायला कोण गेलं, हे त्यांच्या झाडीपट्टीच्या बोलीत, वऱ्हाडीत, जसं येईल तसं. आयोगापुढे जे साक्ष म्हणून मोजलं गेलं असेल त्याच्या बाहेरचं. त्या दिवशी फडक्यात बांधून आणलेली भाकर कोणाची तशीच राहिली, तेही.

ढाल मात्र मी काचेत ठेवणार नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी गोवारी ढाल घेऊन निघतात. उंच बांबू, त्याला गुंडाळलेलं कापड, पुढे वाजंत्री, मागे नाचणारी माणसं, गाईंच्या अंगावर गेरूचे हात. ती चालती वस्तू आहे, गावच्या रस्त्याने जाणारी. तिला खिळ्याला टांगून खाली चिठ्ठी लावली की कुठलातरी साहेब लगेच 'नामशेष' हा शब्द पेन्सिलीने लिहून मोकळा होईल. तसा अनुभव गाठीशी आहेच.

नामशेष म्हणावं तर ही माणसं मरायला तयार नाहीत. २०२४ च्या जानेवारीत संविधान चौकात पोरांनी उपोषण मांडलं. फेब्रुवारीत गावोगावचे गोवारी पुन्हा हजारोंनी आले आणि बर्डीत बसले. शहर दिवसभर ठप्प. नागपूरकर नेहमीप्रमाणे चिडले, कोणता रस्ता उघडा आहे ते एकमेकांना फोन करून विचारत राहिले. ज्यांच्या नावाचा पूल आहे तेच खाली बसले होते, त्यांना उठवायला मात्र पुलाचा उपयोग झाला नाही. सरकारने निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली. आता माझ्या दुसऱ्या खोलीत एक कपाट फक्त समित्यांसाठी ठेवावं लागणार. खणाला कुलूप नको, तसंही कोणी उघडत नाही.

जागेची परवानगी मिळेल का, हे विचारायला मी कोणत्याही दारी गेलेलो नाही. उद्घाटनाचा प्रश्न त्याहून बिकट. कोणाला बोलवायचं? १९९४ पासून महाराष्ट्रातला एकही मोठा पक्ष राहिला नाही जो कधी ना कधी सत्तेत नव्हता. विरोधात असताना प्रत्येकाने गोवारींच्या व्यासपीठावर 'अन्याय' म्हटलंय, सत्तेत बसल्यावर 'अभ्यास' म्हटलंय. जो पाहुणा फीत कापायला येईल त्याचा एखादा कागद आत भिंतीवर असणारच. त्याला आत फिरवायचं की पडवीतच नारळपाणी पाजून लावून द्यायचं? त्यापेक्षा सरळ मोर्च्याचा नियम लावावा. मंत्र्यांना कठड्यापाशी थांबवायचं, त्यांच्यातल्या चार-पाच जणांचं शिष्टमंडळ आत घ्यायचं, निवेदन स्वीकारायचं आणि आम्ही सकारात्मक आहोत असं कळवायचं.

राहता राहिला माणूस. दिवसभर बसायला, रिसीव्हर पुसायला, माठ भरायला एक माणूस लागेल. माझ्या मनात गोवारी समाजातलीच एखादी मुलगी आहे, बीए झालेली, पोलीस भरतीत दोनदा हुकलेली, आजीकडून सगळं ऐकलेली. पण उद्या सरकारने हे संग्रहालय ताब्यात घेतलं, आणि चार लोक यायला लागले की ते घेतंच, तर जाहिरात निघणार. अर्जासोबत जातीचा दाखला लागेल, मग वैधता प्रमाणपत्र, मग पडताळणी समिती पन्नास-साठ वर्षांपूर्वीची नोंद मागेल. त्या मुलीला उत्तराचा कागद शोधायला लांब जावं लागणार नाही, तो पहिल्या खोलीत दारासमोरच लावलेला असेल. पण तिथवर प्रकरण जायचंच नाही. एकाकी पदाला आरक्षण लागू होत नाही, असं घटनापीठाने १९९८ सालीच सांगून ठेवलंय. पद एकच असल्याने ते खुल्या प्रवर्गातून भरलं जाईल.